भिवंडीच्या नाक्यावर ऐकू येणारी ‘खट्’

तुमच्या घरी जुनी पिकअप असेल आणि भाजीपाला, कांदा किंवा पेंढा घेऊन ती कधी कल्याण-मुंबईकडे जात असेल, तर भिवंडी तुमच्या वाटेवर आहेच. नाशिककडून आलात तर कसारा घाट उतरायचा, शहापूर-पडघा मागे टाकायचे, की भिवंडी आली. विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींनाही हे गाव आता दूरचे राहिले नाही. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला, तो भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापाशीच येऊन थांबतो.

गंमत अशी, की गाडीचे जे दुखणे गावाकडच्या रस्त्यावर महिनोन् महिने लपून राहते, ते या वाटेवर उघडे पडते. सपाट सिमेंटच्या रस्त्याला गाडी सत्तर-ऐंशीच्या वेगाने धरली, की पायाखालचा पत्रा थरथरू लागतो. पुढे राजनोली-माणकोलीच्या गर्दीत दहा हात पुढे जा, थांबा, पुन्हा दहा हात जा, असे सुरू झाले, की क्लच सोडताना दर वेळी खालून ‘खट्’ असा आवाज येतो. गाडी मागे घेताना पुन्हा ‘खट्’. आपण म्हणतो, जुनी गाडी आहे, वाजायचीच! तसे म्हणू नका. तो आवाज बहुतेक वेळा इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणाऱ्या लांब दांड्याचा असतो. गॅरेजात त्याला प्रोपेलर शाफ्ट म्हणतात.

आवाजावरून दुखणे ओळखावे ते भिवंडीकरांनीच. हे गाव पॉवरलूमचे. आधी इथे हातमाग होते, मग यंत्रमाग आले. गल्ल्यांतून चालताना दोन्ही बाजूंनी धोट्याची खटखट कानावर आदळते. मागाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला इथे जॉबर म्हणतात. एवढ्या गोंगाटातही एखाद्या मागाचा ताल चुकला की त्याची मान तिकडे वळते.

लूमच्या जोडीला इथे गोदामे आली. मुंबईची जकात २०१७ साली उठली. तोवर तिच्या हद्दीबाहेर माल साठवणे व्यापाऱ्यांना सोयीचे होते. म्हणून काल्हेर, पूर्णा, वळ, माणकोली या बाजूला जिथे भाताची खाचरे होती, तिथे पत्र्याची लांबच लांब गोदामे उभी राहिली. आपल्यासारख्या शेतकऱ्याला ते पाहून थोडे चुटपुटते, पण ते असो. गोदामे आली तशा मालगाड्या आल्या, आणि गाड्यांमागून गॅरेजे. रस्त्याकडेच्या एखाद्या साध्या शेडमध्येसुद्धा शाफ्ट खोलून बसलेला मिस्त्री तुम्हाला दिसेल. हे काम त्यांच्या हातात बसलेले आहे.

आता हा शाफ्ट वाजतो का, ते समजून घ्या. गिअरबॉक्स चौकटीला बांधलेला असतो, पण मागचा आस कमानपाट्यांवर खालीवर हलतो. मधला दांडा सरळसोट घट्ट असता तर पहिल्याच खड्ड्यात मोडला असता. म्हणून त्याला सांधे दिलेले असतात. प्रत्येक सांध्यात अधिकाच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा असतो. त्याला म्हणतात क्रॉस. क्रॉसच्या चार टोकांवर चार वाट्या आणि प्रत्येक वाटीत सुईसारखी बारीक बेअरिंगे. वंगण संपले किंवा चिखलाचे पाणी आत शिरले, की या सुया गंजतात, झिजतात आणि सांध्यात ढिलाई येते. बैलगाडीचे वंगण चुकले की तुंबा आणि आस एकमेकांना खात, तोच प्रकार. त्या काळी गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेलाच असे. पिकअपखाली तो नसतो, म्हणून आपल्याला आठवण राहत नाही!

क्रॉस बोलतो, पण ऐकणारा हवा. आधी गाडी हळू असताना चिमणीसारखी चिवचिव येते. म्हणजे सांधा कोरडा पडला. मग ‘खट्’, आणि शेवटी थरथर. चिवचिवीला ग्रीस दिल्याने कधी कधी भागते. ‘खट्’ सुरू झाल्यावर ग्रीसने आवाज चार दिवस दबेल, पण झिजलेले पोलाद काही भरून येत नाही.

गॅरेजात जाण्याआधी घरच्या घरी एवढे पाहा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, गिअर न्यूट्रलमध्ये. पिकअप उंच असते, जॅक लावायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नका. क्रॉसच्या एका बाजूला एक हात, दुसऱ्या बाजूला दुसरा हात धरून उलटसुलट पिळा आणि वरखाली हलवा. क्रॉसपाशी जराही खेळ जाणवला, तर तो गेला. वाटीभोवती तांबूस भुकटी दिसली तरी तेच समजा. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल, तर मधल्या सेंटर बेअरिंगचे रबर फाटले आहे का पाहा. फ्लॅन्जचे बोल्ट, कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि गिअरबॉक्सखालचे रबर यांच्यावरही नजर टाका. यांतले एखादे ढिले झाले तरी असाच आवाज येतो. शाफ्टचा सरकता भाग कोरडा असला, तर गाडी थांबता थांबता एक ‘खट्’ होते. तिथे मात्र ग्रीसनेच काम भागते.

एवढे पाहून गेलात म्हणजे “डिफ्रेंशियल उतरवावे लागेल” हे वाक्य ऐकून तुम्ही घाबरणार नाही. डिफ्रेंशियलच्या दात्यांत थोडा खेळ मुळातच असतो. क्रॉस हा त्यामानाने किरकोळ खर्चाचा भाग. आधी तो बदलून आवाज जातो का पाहायचे, मोठे काम नंतर.

मिस्त्री कामाला लागला की जवळ उभे राहा. शाफ्ट सोडण्याआधी फ्लॅन्जवर आणि सरकत्या भागावर छिन्नीने किंवा रंगाने खूण करायला सांगा. जोडताना दोन्ही टोकांचे योक पहिल्यासारखेच एका रेषेत यायला हवेत. एक दातासुद्धा चुकला तर ‘खट्’ जाईल, पण नवी थरथर पदरी पडेल. शाफ्टवर लोखंडाच्या छोट्या चकत्या डकवलेल्या असतात, त्या काढू देऊ नका. त्याने शाफ्टचा तोल सांभाळलेला असतो. नव्या वाटीत एक जरी सुई आडवी पडली तरी वाटी पुरती बसत नाही आणि सर्कलिप खाचेत जात नाही. अशा वेळी हातोडा मारू नये, वाटी काढून सुई सरळ करावी. बसवलेला क्रॉस चारी बाजूंना हाताने फिरला पाहिजे. निप्पल असेल तर चारी वाट्यांच्या कडेला ग्रीस डोकावेपर्यंत गन चालवायची. आणि चाकांचे दगड शेवटपर्यंत काढायचे नाहीत. शाफ्ट सुटलेला असताना गाडी गिअरमध्ये ठेवून काही उपयोग नसतो, उतारावर ती चालू लागते.

या कामाला अर्धा दिवस मोडला तर घरच्या मंडळींना तोवर वज्रेश्वरीला जाऊन येता येईल. १७३९ साली वसई घेतल्यावर चिमाजीअप्पांनी नवसाचे देऊळ बांधले, ते हे. तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत. वाटेत भाताची शेते दिसतात. याच बाजूच्या वाडा कोलम तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

हे काम पुढच्या खेपेवर मात्र ढकलू नका. चालत्या गाडीत पुढच्या टोकाचा सांधा तुटला, तर शाफ्ट खाली पडून रस्त्यात रुततो आणि भरलेली गाडी उलटूही शकते. कसारा घाटात तर विचारच नको. लग्नसराईत मागच्या हौद्यात बायकापोरे बसवतात, कापणीच्या दिवसांत मजूर बसवतात. कायद्याने ते बसवायचे नाहीतच. वहिनी, ताई, तुम्ही गाडीत बसत असाल तर ‘खट्’ तुम्हालाही ऐकू येते. चालवणाऱ्याला बेधडक सांगा.

भिवंडीतून काम करून निघालात, की पडघ्याच्या पुढे एखाद्या सपाट जागी थांबा, सायलेन्सर थंड होऊ द्या, चाकांना दगड लावा आणि फ्लॅन्जचे सगळे बोल्ट पान्याने एकदा तपासून घ्या. पुढे ओढ्याच्या पाण्यातून किंवा चिखलातून गाडी गेली की निप्पलमध्ये ग्रीस द्यायचे, एरवी गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतरावर.