नावानिशी मूल्य

गणितात ज्याला ‘चल’ म्हणतात, त्यालाच संगणकाच्या आज्ञावलीत ‘व्हेरिएबल’ म्हणतात. एक नाव आणि त्या नावाखाली त्या क्षणी ठेवलेले एक मूल्य, एवढाच त्याचा संसार. आज्ञावली अपेक्षेप्रमाणे चालेनाशी झाली की वाटेत ठिकठिकाणी थांबून ही मूल्ये पडद्यावर छापून घेणे, ही दोष शोधण्याची फार जुनी रीत आहे. मराठीच्या अध्यापकांनी या उद्योगात का पडावे, असे कुणी विचारील. स्वामित्वहक्क संपलेल्या एका जुन्या कादंबरीची शब्दसूची करावी असे आमच्या मनात आले आणि हजारो कार्डे हाताने लिहिण्याइतकी सवड आमच्यापैकी कुणालाच नव्हती. म्हणून पायथन ही भाषा आम्ही कामापुरती शिकून घेतली.

मूल्ये नुसती छापली तर पडद्यावर एकाखाली एक आकडे उमटतात: ४१२, ३८, ०, ७. यांतला कोणता आकडा एकूण शब्दांचा, कोणता प्रकरणाचा आणि कोणता वगळलेल्या विरामचिन्हांचा, हे तो आकडा स्वतः सांगत नाही. जुन्या बाडातले एखादे सुटे पान हाती यावे, अक्षर लख्ख असावे, पण कर्ता कोण, ग्रंथ कोणता, प्रकरण कितवे याचा पत्ता लागू नये, तशी ही अवस्था असते. ‘शून्य’ हा आकडा तर विशेष छळतो. ते शून्य विरामचिन्हांचे असेल तर चिंता नाही, शब्दांचे असेल तर सगळेच मुसळ केरात.

यावरचा सरळ उपाय म्हणजे मूल्याआधी आपल्या हाताने चिठ्ठी लिहिणे: आधी ‘एकूण’ हा शब्द अवतरणात, मग त्या चलाचे मूल्य. उपाय चांगला, पण त्यात एक फट राहते. चिठ्ठी ही लिहिणाऱ्याची आहे, चलाची नव्हे. तीच ओळ उचलून खाली डकवली, चल बदलले आणि अवतरणातला शब्द तसाच राहिला, की यंत्र निमूटपणे दुसऱ्याचे मूल्य पहिल्याच्या नावावर छापते. बिनचिठ्ठीच्या आकड्याबद्दल निदान शंका तरी येते. चुकीच्या चिठ्ठीचा आकडा मात्र विश्वास संपादून फसवतो.

ही फट बुजवण्याची धडपड आजची नाही. आयबीएमने १९६० च्या दशकात घडवलेल्या पीएल/वन या भाषेत ‘पुट डेटा’ अशी आज्ञा होती. ती चलाचे नाव आणि मूल्य बरोबरीच्या चिन्हाने जोडून छापत असे. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणित रूपात मॅक्रोला दिलेला मजकूर जसाच्या तसा अक्षरांत उतरवण्याची सोय आली. एरवी सीची आज्ञावली यंत्रभाषेत उतरली की स्थानिक चलांची नावे यंत्राला लागत नाहीत. दोषशोधनासाठी मुद्दाम जपली नाहीत तर ती मागे राहतात. नाव ही माणसाची गरज आहे, यंत्राला पत्ता पुरतो. पायथनमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून महिरपी कंसातल्या चलापुढे नुसते बरोबरीचे चिन्ह टाकले की नाव आणि मूल्य दोन्ही शेजारी छापून येतात. येथे चिठ्ठी हाताने लिहायची नसते. आज्ञावलीतल्या मूळ शब्दांतूनच ती निघते, त्यामुळे चल बदलले की चिठ्ठीही आपोआप बदलते.

या चिन्हाचा आणखी एक गुण आमच्या कामात अनपेक्षितपणे उपयोगी पडला. शब्दसूचीत ‘दुसऱ्या’ हा शब्द दोनदा आला, दोन वेगळ्या संख्यांसह. पडद्यावर दोन्ही रूपे डोळ्यांना तंतोतंत सारखी. पण बरोबरीचे चिन्ह मूल्याचे नुसते दर्शनी रूप दाखवत नाही, त्याची कच्ची घडण उलगडून दाखवते. त्यातून एका रूपाच्या पोटात एक अदृश्य जोडचिन्ह बसलेले दिसले. मराठीतला हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो: एक नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून, दुसरी साध्या र ला हलंत आणि वर ते अदृश्य चिन्ह जोडून. युनिकोडच्या ठरीव प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. दोन टंकलेखकांच्या दोन सवयींमुळे लेखकाचा एकच शब्द दुभंगला होता. तो तसाच राहता तर त्याच्या शब्दकळेविषयी कुणी काढलेले निष्कर्षही दुभंगले असते.

साहित्याच्या अभ्यासकाला यातले काहीच परके नाही. अभंगाच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही एक चिठ्ठीच होय. तुकोबांची मुद्रा असलेले सगळेच अभंग तुकोबांचे नव्हेत, हे गाथेच्या संपादकांना केव्हाच उमगले होते. मुद्रा हाताने लिहिता येते, दुसऱ्याच्या रचनेला लावता येते. म्हणून संपादक मुद्रेवर थांबत नाही, भाषा, छंद, हस्तलिखितांची परंपरा अशा आतल्या घडणीकडे वळतो. उलट टोकाला जात्यावरच्या ओव्या आहेत. जुन्या अनेक संग्रहांत त्या गाणारणीच्या नावावाचून छापल्या गेल्या आणि ‘लोकसाहित्य’ या एका शब्दात हजारो बायका विरून गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि गाणारणीचे नाव व गाव नोंदवण्याचा कटाक्ष त्यात राहिला. ओवीचे शब्द त्यामुळे बदलत नाहीत. पण ती कुणाच्या तोंडची, कोणत्या मुलखातली, हे विचारण्याची सोय होते, आणि अभ्यास तिथूनच सुरू होतो.

समीक्षेतला आमचा नेहमीचा शब्द ‘मूल्य’ हाच आहे, हा निव्वळ योगायोग नसावा. ‘श्रेष्ठ’, ‘दुय्यम’, ‘सामान्य’ हे निकाल आम्ही सहज देतो. नेमके काय मोजले, भाषेचे नावीन्य, अनुभवाचा आवाका की निव्वळ आमची आवड, हे नाव मात्र छापायचे राहते. वाचणाऱ्याने त्या निकालाशी वाद घालावा तरी कसा? उत्तरपत्रिकेच्या समासातल्या आकड्यांचेही तेच. ‘सात’ एवढेच पाहून विद्यार्थ्याला आपले कुठे बरे होते आणि कुठे उणे, हे कळत नाही. म्हणून अंतर्गत परीक्षेत आता आम्ही प्रत्येक आकड्याशेजारी त्याचे नाव लिहितो: मांडणी, आशय, संदर्भांची अचूकता. वेळ थोडा जास्त जातो. पण परवा एक विद्यार्थिनी उत्तरपत्रिका घेऊन आली आणि तिने ‘गुण कमी का दिले’ असे विचारले नाही. ‘संदर्भांत दोनच का?’ असे विचारले. त्या प्रश्नावर अर्धा तास बोलता आले.