२७ हजार एकरांतला एक मासा

तुम्ही कधी मोठ्या तलावाच्या काठावर उभं राहून असा विचार केलाय का, की यात मासे नेमके असतील कुठे? पाणी तर सगळीकडे सारखंच दिसतं. मी पाच वर्षं या प्रश्नामागे आहे. पण त्याचं निम्मं उत्तर मला गेल्या मार्चमध्ये बाबांकडून मिळालं, आणि तेही मी त्यांना वेगळंच काही विचारायला नेलं होतं तेव्हा.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळच्या प्लेनो गावात राहतो. इथून पूर्वेला दीड तासावर लेक फोर्क नावाचा तलाव आहे. तलाव म्हणजे धरणाचं पाणी, १९८० साली अडवलेलं. पसारा सुमारे २७ हजार एकरांचा. पाणी भरलं तेव्हा तिथली झाडं बऱ्याच ठिकाणी तोडलीच नाहीत. त्यामुळे आजही पाण्यातून राखाडी खोडं वर आलेली दिसतात आणि होडीसाठी त्यांतून खुणा केलेल्या वाटा आहेत. या बुडालेल्या रानात लार्जमाउथ बास नावाचा मासा राहतो. टेक्ससमधला या जातीचा विक्रमी मासा जानेवारी १९९२ मध्ये इथेच मिळाला. वजन १८.१८ पौंड, म्हणजे सुमारे सव्वाआठ किलो!

आपल्याकडे जिताड्याला, म्हणजे गोव्यातल्या चोणकाला, इंग्रजीत सी बास म्हणतात. त्याचा आणि याचा संबंध फक्त नावापुरता. पण सवय एकच. दोघंही दबा धरून बसतात आणि समोरून खाणं गेलं की झडप घालतात.

माझे बाबा ७२ वर्षांचे. घर तारकर्लीजवळ. नोकरी तालुक्याला केली, पण जीव कर्लीच्या खाडीत. रविवारी सुंगटं घेऊन गरवायला जायचे आणि दुपारी तांबोशी नाहीतर शेवटं घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हापासून ते घरात एकटेच. यंदा कसेबसे चार महिन्यांसाठी इकडे आले. शिमग्याला घर बंद राहण्याची ही पहिलीच वेळ, हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

मला त्यांना कायमचं इथेच ठेवून घ्यायचं होतं. ग्रीन कार्डाचे फॉर्म मी छापूनही ठेवले होते. फक्त विचारायचं राहिलं होतं. घरात विचारलं असतं तर ते उठून अंगणात गेले असते. होडीत उठून कुठे जाणार, असा माझा हिशोब. (हा हिशोब मुलांनी वडिलांशी करू नये, हे मला मान्य आहे.)

काठावरच्या दुकानात त्यांचा मासेमारीचा परवाना काढला. "मासे पकडूक पण लायसन?" म्हणून ते दुकानभर हसले. मग लाइफ जॅकेट घालण्यावरून दहा मिनिटं वाद. मग माझं आमिष पाहिलं, प्लॅस्टिकचं जांभळं गांडूळ. ते बोटात धरून त्यांनी वास घेतला आणि काही न बोलता परत दिलं.

माझी होडी जुनी, ॲल्युमिनियमची. पण तिच्यावर फिश फाइंडर आहे. पाण्याची खोली, तळ, तापमान, मासा दिसला तर त्याची कमान, सगळं पडद्यावर येतं. त्या सकाळी पाणी ५८ अंश फॅरनहाइट होतं. हा आकडा महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

थंडीत बास खोल पाण्यात असतो, बुडालेल्या ओढ्यांच्या पात्राजवळ. पाणी ६० अंशांच्या आसपास येऊ लागलं की अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतो. पण एकदम नाही. बुडालेल्या ओढ्याची वाट धरून येतो आणि मध्येमध्ये थांबतो, एखाद्या वळणावर, एखाद्या बुंध्यापाशी. मार्चमध्ये त्याला शोधायचं म्हणजे हे थांबे शोधायचे. बाकी बहुतेक पाणी रिकामंच धरायचं.

हे सगळं मी बाबांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "ह्या तळ्याक भरती नाय, ओहोटी नाय. मगे मासो हलता कशान?"

"पाण्याच्या गरमीन. वाऱ्यान. उजेडान."

"मगे वारो खंयसून आसा?"

मी पडद्यावरून मान वर केली. खरं सांगतो, सकाळपासून मी वाऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

तीन तास आम्ही माझ्या खास जागा फिरलो. पडद्यावर कमानी दिसत होत्या. मासे होते, पण तोंड उघडत नव्हते. बाबा गळ टाकायचे, ओढायचे, आणि मधल्या वेळात काठ न्याहाळायचे. अकरा वाजता त्यांनी उत्तरेकडच्या एका आखाताकडे बोट दाखवलं. तिथे वाळक्या लव्हाळ्यात एक मोठा निळसर करडा बगळा उभा होता.

"थंय चल. बगळो रिकाम्या पाण्यात उभो रवणा नाय."

तीन दिवस ऊन होतं आणि वारा दक्षिणेचा. वरचं कोमट पाणी उत्तरेच्या काठाकडे ढकललं गेलं होतं. आखातात शिरलो तर पडदा ६३ दाखवत होता. बारीक मासळी पाण्यावर फुरफुरत होती. वाटलं, जिंकलो. पण नाही. तासाभरात दोनच छोटे बास मिळाले, वीतभराहून थोडे मोठे. बाबांचा बगळाही बहुधा बारक्यांवरच समाधानी असावा.

तेव्हा मी नकाशा उघडला. आखाताच्या तोंडाशी बुडालेला ओढा वळण घेऊन काठाच्या अगदी जवळून जात होता. तीन फुटांवरून तळ एकदम अकरा फुटांवर उतरत होता आणि त्या कडेवर बुंधे होते. बगळ्याने मासळी दाखवली, नकाशाने थांबा दाखवला. यातलं एकच हाती असतं तर आम्ही रिकामे परतलो असतो, असं मला अजूनही वाटतं. बाबांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते सगळं श्रेय बगळ्याचं.

गांडुळाच्या या आमिषात गळाचं टोक प्लॅस्टिकमध्येच लपवलेलं असतं, म्हणून ते फांद्यांत अडकत नाही. पुढे गोळीच्या आकाराचं शिसं. ते तळावर पडू द्यायचं आणि अगदी सावकाश ओढायचं. बास घेतो तेव्हा जोराचा हिसका बसेलच असं नाही. कधीकधी दोरीवर कुणी नख मारल्यासारखं फक्त टिक होतं.

बाबांनी रीळ पायाशी ठेवलं आणि दोरी तर्जनीवर घेतली, खाडीत घेतात तशी. दुसऱ्याच फेकीला ते ताठ झाले.

"बुंधो असतलो," मी म्हटलं.

"बुंधो चलता?"

आणि त्यांनी हिसडा दिला. पुढची दोन मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मासा एकदा पूर्ण पाण्याबाहेर आला, तोंड उघडून डोकं झाडलं आणि बुंध्याकडे धावला. बाबांनी दोरी तळहातावर घेऊन त्याला तिथेच थोपवलं. तळहातावर वळ उठला, तो आठवडाभर होता. मी खालचा ओठ अंगठ्यात धरून मासा वर घेतला. मोजपट्टीवर ठेवला. २१ इंच.

आता पंचाईत होती. लेक फोर्कचा नियम असा, की १६ ते २४ इंचांमधला बास घरी न्यायचा नाही, सोडायचाच. मोठ्या, अंडी देणाऱ्या माद्या तलावात राहाव्यात म्हणून. बाबांच्या आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा गोड्या पाण्यातला मासा, आणि तो सोडा म्हणून कसं सांगायचं? मी घाबरतच सांगितलं.

बाबांनी माशाच्या पोटाखाली हात घातला. जरा दाबून पाहिलं. "गाबोळी आसा," म्हणाले. "जून-जुलैत आमच्याकडे पण होडये बंदच असतत." आणि मी फोटो काढेपर्यंतच त्यांनी दम धरला. मग वाकून तिला पाण्यात धरलं, शेपूट हलेपर्यंत. ती गेली तरी ते हात पाण्यातच ठेवून बसले.

"हिच्या पिलांक राखता कोण?"

"नर. ही अंडी घालून जाता. घरटा तोच करता, पिलां पण तोच राखता."

"बापूस राखता?" ते हसले. "कितके दिवस?"

"जरा मोठी होईसर."

"आणि मगे?"

"मगे तो पण जाता आपल्या वाटेन."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "प्रिंटरवरचे कागद मी बघलंय."

माझं तोंड बंद.

"हंय वायट कायएक नाय. पोरां गुणाची आसत. पण माका पावसाआधी घराक पोचव. घर शाकारूचा आसा." मग थोड्या वेळाने, होडी धक्क्याला लागताना, "थंडीत येयन. दर वर्षी. कागद नको."

मला वाईट वाटलं का? वाटलं. दीड तासाच्या परतीच्या वाटेवर मी रेडिओही लावला नाही. बाबा शेजारी गाढ झोपले होते, मांडीवर वळ उठलेला हात उघडा ठेवून.

ते दोन छोटे बास १६ इंचांच्या आतले होते, म्हणून घरी आणता आले. बाबांनीच साफ केले. हळद, मीठ, मिरची, आगळ लावून रव्यात घोळवून तळले. मुलांनी काटे काढत काढत संपवले. बाबांचा अभिप्राय, "मासो बरो. पण समुद्राचा मीठ नाय लागला त्येका."

मे महिन्यात ते परत गेले. घर शाकारून झालं. आता दर रविवारी फोन येतो. आधी पोरांची चौकशी, मग न चुकता, "तळ्याचा पाणी कितक्या गरम झाला?" त्यांच्यासाठी म्हणून मी आता शनिवारी आकडा बघून येतो, गळ टाकायला वेळ नसला तरी. गेल्या रविवारी सांगितलं, ८७.

"मगे काठार कित्याक मरतं?" म्हणाले. "खोलात जा."