बांधीतलं शार्दूलविक्रीडित

केशवसुतांची ‘आम्ही कोण?’ मला पुस्तकाआधी चिखलात भेटली. अर्जुनी मोरगावकडे मामाचं गाव. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया १९९९ साली वेगळा झाला. रोवणी म्हणजे भाताची लावणी, बांधी म्हणजे भातखाचर, धुरा म्हणजे त्याचा बांध, पऱ्हे म्हणजे रोपं. रोवणी लागली की मामा धुऱ्यावरून पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधीत फेकायचा आणि फेकता फेकता गायचा. गाण्यात गुडघाभर चिखल, पाठीवर कोसळणारा पाऊस, पोटरीला डसलेली जळू. चाल मात्र भरल्या सभेत उभं राहून बोलणाऱ्याची. रोवणाऱ्या बाया हसून लोटपोट व्हायच्या, आणि हसता हसता त्यांचे हात त्याच तालावर चालायचे.

पुढे शाळेत मूळ कविता वाचली आणि अंगावर काटा आला. ही तर मामाची चाल! कवी म्हणजे देवाचा लाडका, असं ताठ मानेनं सांगणारी ती कविता वर्गाला धाक घालत होती. मला ती घरची वाटली.

कविता शार्दूलविक्रीडित वृत्तातली. त्याच्या एका चरणात एकोणीस अक्षरं. बाराव्यावर थांबा, मग सात. मी ते असं मोजून शिकलो नाही. बाराव्या अक्षराला मामाच्या हातून पेंढी सुटायची आणि उरलेल्या सातांत ती पाण्यात पडायची. आमगावजवळचं पदमपूर आम्ही भवभूतीचं गाव म्हणून पाहुण्यांना दाखवतो. आठव्या शतकातल्या त्या नाटककाराच्या श्लोकांतही हे वृत्त आहे. ते पुन्हा आमच्या बांधीत उतरलं याचा मला फार आनंद होतो.

‘आम्ही कोण?’चं आचार्य अत्र्यांनी केलेलं विडंबन मी कॉलेजात वाचलं. ‘केशवकुमार’ या नावानं त्यांनी ‘झेंडूची फुलें’ हे विडंबनांचं पुस्तक १९२५ साली काढलं, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. रविकिरण मंडळ या कवींच्या गटाचा तो बहराचा काळ. माधव जूलियनांची फारसी वळणं, कवितागायनाच्या बैठका, सुनीतांची हौस, सगळं त्या पुस्तकात सापडतं. केशवसुतांचा कवी देवाशी नातं सांगतो; अत्र्यांचा कवी मासिकात छापून आलेल्या फोटोची फुशारकी मारतो. वृत्त तेच, ऐट तीच. कानात मूळ कविता पक्की मुरल्याशिवाय असं लिहिता येत नाही. नुसत्या द्वेषानं वृत्त सांभाळता येत नाही.

आणि ‘झेंडूची फुलें’ हे नाव! कवितेत मिरवायचा तो गुलाब, नाहीतर पारिजात. झेंडू दसऱ्याला दाराच्या तोरणात असतो, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी दुकानांपुढे ढिगानं असतो. त्याला हुंगून कुणी उसासा टाकत नाही, पण त्याच्यावाचून सणही होत नाही.

असंच विडंबन गीतेचंही झालं: नागपूरच्या ज. के. उपाध्यांनी ‘चालचलाऊ गीता’ लिहिली. कृष्णार्जुनांना त्यांनी घरगुती मराठीत बोलायला लावलं. मामाकडे त्या ओव्या वहीत उतरवून ठेवलेल्या होत्या, गीतेच्या पोथीशेजारी, एकाच फडक्यात बांधून. त्याला त्यात काही विसंगत वाटत नसे. मलाही वाटत नाही.

मामा दंडार या लोकनाट्यात कामं करायचा, त्यामुळे त्याची जीभ आमच्याकडच्या झाडीबोलीची. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही. पाणी म्हणजे पानी, डोळा म्हणजे डोरा. पण म्हणून पाहा: अक्षर बदलतं, ऱ्हस्व-दीर्घ जागचा हलत नाही. केशवसुतांच्या ओळीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘र’ केला तरी वृत्ताला ओरखडा उठत नाही. हे उमगलं त्या दिवशी मला झालेला आनंद अजून शिळा झालेला नाही. ज्या बोलीसाठी शाळेत आमचे कान पिळले गेले, ती एवढ्या मोठ्या कवीच्या वृत्तात नीट मावत होती.

मामा आता धुऱ्यावर जात नाही. भाऊबीजेनंतरच्या मंडईला गेलो तेव्हा त्याची नात अंगणात ते रोवणीचं गाणं म्हणत होती. “आजोबाचंच हाये ना हे?” तिनं विचारलं. मी केशवसुतांचं पुस्तक तिच्या हाती दिलं. तिनं आजोबाच्या चालीत वाचायला सुरुवात केली, ळ आला तिथं सहज र म्हटला आणि पुढे गेली. खाटेवर पडल्या पडल्या मामानं बाराव्या अक्षराला हात वर केला, पेंढी सोडल्यासारखा.