नळाच्या पाण्यावरचा गरुड

सिल्लारी (पेंच), रात्री

प्रिय आई,

गाडी वेळेत पोचली. रामटेकच्या गडाला लांबूनच नमस्कार झाला. थंडी अशी, की दुलईतून हात बाहेर काढून लिहिणे नकोसे होते. जेवणात झुणका, भाकरी, ठेचा आणि भरली वांगी. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, म्हणून भूक होती त्याहून जास्तच खाणे झाले. बाबांनी दिलेली संत्री मनसर येण्याआधीच संपली.

सफारीच्या जिप्सीत सोबत वाघासाठी आलेले एक कुटुंब होते. पाण्यापलीकडच्या वठलेल्या झाडावर मत्स्यगरुड दिसला, ड्रायव्हरदादा गाडी हळू करू लागले, तर त्यातले गृहस्थ खेकसले, ‘‘घारी बघायला पैसे भरलेत का?’’ गाडी पुढे गेली. वाघ दिसला नाही आणि गरुडही गेला. राग अजून उतरलेला नाही.

कोलितमारा, दुपारी

आई,

पोहे-तर्री समोर आहे. तर्री झणझणीत, पोहे मात्र कोरडे. नागपुरात बर्डीवर मिळणाऱ्या पोह्यांची आठवण येते.

सकाळी बोट निघाली तेव्हा पेंचच्या पात्रावर धुके होते. बोटवाल्या दादांनी काही न बोलता हनुवटीने खूण केली. पाण्यावर झुकलेल्या निष्पर्ण फांदीवर तो बसला होता. डोके राखी, छाती तपकिरी, पोट आणि मांड्या पांढऱ्याशुभ्र, पांढऱ्या शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा. तो पट्टा दिसला की ओळख पक्की. हिवाळ्यात येणारा कैकर हा दुसरा मासेमार पक्षी हवेत थबकून पाय पुढे करून पाण्यात सूर मारतो. मत्स्यगरुडाची रीत वेगळी. तो फांदीवर तासन्‌तास बसतो आणि मासा वर आला की छोटी झेप घेऊन पृष्ठभागावरूनच उचलतो. त्यामुळे फोटोसाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. बोट लांब ठेवायची, ऊन पाठीशी घ्यायचे, शटरचा वेग वाढवून ठेवायचा आणि वाट बघायची. दादांनी इंजिन बंद ठेवले म्हणून झेपेचा फोटो मिळाला.

बाबांना सांग, हे पाणी पुढे नवेगाव खैरीच्या धरणात जाते आणि तिथून नागपूरला येते. आपल्या माठातले पाणी आणि या गरुडाचा मासा एकाच नदीतले!

मोहर्ली (ताडोबा), पहाटे, गाडीची वाट बघताना

आई,

शेकोटीजवळ बसूनही बोटे आखडली आहेत. तुझ्या हातचा आल्याचा चहा फार आठवतो. वाघीण दिसली, बछड्यांसह. ते घरी आल्यावर सांगेन.

ताडोबा तलावावर पाण्यात मगर आणि वर झाडावर मत्स्यगरुड, असे दोन्ही एकाच वेळी दिसले. सध्या गरुडाच्या विणीचा काळ आहे, म्हणून त्याची हाक दूरवर ऐकू येते. उंच झाडावर काटक्यांचे भलेमोठे घरटे बांधून वर्षानुवर्षे तो त्याचीच डागडुजी करतो. घरट्याजवळ जाऊन फोटो काढायचा नाही, हे गाइडदादांनी सुरुवातीलाच बजावले. अगदी योग्य केले.

छोटूला त्याच्या पुस्तकातला अमेरिकेचा पांढऱ्या डोक्याचा गरुड दाखव. हा मत्स्यगरुड त्याचाच जवळचा नातलग. डीडीटी हे कीटकनाशक माशांतून त्या अमेरिकी गरुडांच्या शरीरात गेले, अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली. १९६३ मध्ये अलास्का सोडून उरलेल्या मुख्य अमेरिकेत त्यांच्या जेमतेम ४१७ जोड्या उरल्या होत्या. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, घरट्यांना संरक्षण मिळाले आणि २००७ मध्ये तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. आपला मत्स्यगरुड मात्र जागतिक यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. पाण्याकाठची उंच झाडे जातात, पाणी घाण होते, मासे संपतात. त्याला याहून वेगळा शत्रू लागत नाही.

भंडाऱ्याच्या काकांनी तलावाकाठचा वठलेला अर्जुन तोडायचा विषय काढला होता ना? त्यांना आजच फोन कर. ते झाड वाळलेले असले तरी निकामी नाही, मासेमार पक्ष्यांना बसायला तशीच उघडी फांदी लागते. ते उभे राहू द्या म्हणावे.