दहा रुपयांच्या अर्जामागचा माणूस

वाकोला, सांताक्रूझ (पूर्व), मुंबई

चि. ओंकार यास,


माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा फोटो बघून तू विचारलंस, ‘आत्या, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की सरकार खरंच कागद दाखवतं? हे सुचलं तरी कुणाला?’ हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

माहितीचा अधिकार कुणा एकट्याने आणला नाही. १९९६ साली राजस्थानात ब्यावरला गावकरी आणि मजूर धरणं धरून बसले. आपल्याकडे अण्णा हजाऱ्यांची उपोषणं झाली. ही नावं तुला ठाऊक आहेत. मला सांगायचंय ते न्यायमूर्ती पी. बी. सावंतांबद्दल, कारण या कामात त्यांचं नाव फार कमी घेतलं जातं.

१९५७ मध्ये त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली, १९७३ मध्ये तिथेच न्यायाधीश झाले आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. तुझे बाबा १९९३ च्या हिरो कपमधली सचिनची शेवटची ओव्हर अजून रंगवून सांगतात ना? त्याच स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संघटना कोर्टात गेले होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असं न्यायालयाने सांगितलं. सावंत त्याही पुढे गेले. माणसाला एकांगी माहिती दिली, खोटी दिली किंवा दिलीच नाही, तरी परिणाम एकच. तो अंधारात राहतो आणि लोकशाहीचा फार्स होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे बोलण्याच्या हक्कातच जाणून घेण्याचा हक्क आला.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि भारतीय प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. १९९६ मध्ये कौन्सिलने माहितीच्या अधिकाराचा मसुदा तयार केला. तो आजच्या कायद्यापेक्षाही धीट होता. ज्यांच्या कारभाराचा परिणाम लोकांवर होतो अशा खासगी कंपन्या आणि ट्रस्टसुद्धा त्यात धरल्या होत्या. आणि त्यात एक वाक्य होतं: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती नागरिकालाही नाकारता येणार नाही. मला या सबंध कहाणीत हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. आमदाराला जे विचारता येतं, ते वाकोल्याच्या चाळीतल्या बाईलाही विचारता यावं, एवढा साधा आणि एवढा मोठा विचार.

पुढे मसुद्याला कात्री लागत गेली. २००२ चा केंद्राचा कायदा तर कधी लागूच झाला नाही. अखेर १२ ऑक्टोबर २००५ ला आजचा कायदा अमलात आला, आणि ते वाक्य त्यात टिकलं.

ते साल आम्हाला दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. मिठी तुंबली की इथलं पाणी जाणार कुठे? तेव्हापासून नालेसफाई हा आमच्या जिवाचा प्रश्न आहे. म्हणून माझ्या त्या अर्जात, ‘जोडपत्र अ’मध्ये, मी एवढंच मागितलंय: किती गाळ काढला, कोणत्या गाड्यांतून नेला, कुठे टाकला, आणि वजनकाट्याच्या पावत्यांच्या प्रती. उत्तराला तीस दिवसांची मुदत, प्रतीचे पानाला दोन रुपये.

पुन्हा सावंतांकडे येते. त्यांची कसोटी आपल्या-परक्यांना एकच होती. अण्णांनी केलेल्या आरोपांवरून चार मंत्र्यांच्या चौकशीसाठी त्यांचा आयोग नेमला गेला. २००५ च्या अहवालात त्यांनी चारपैकी तीन मंत्र्यांवर ठपका ठेवलाच, पण अण्णांच्या ट्रस्टच्या पैशातून त्यांच्या वाढदिवसावर झालेल्या खर्चावरही ताशेरे ओढले. २०२१ च्या फेब्रुवारीत पुण्यात ते गेले.

आता जे झालंय त्याने मन अस्वस्थ आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात तो बदल लागू झाला. ‘वैयक्तिक माहिती’ एवढे दोन शब्द नकाराला पुरेसे झाले, आणि विधिमंडळाबरोबर नागरिकाला उभं करणारं ते वाक्य गेलं. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येईल, ही कलम ८(२) मधली वाट उरली आहे. पण ते जनहित बहुधा अर्जदारालाच पटवून द्यावं लागेल. उद्या नाल्याच्या कामावर सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव विचारलं, तर तेही वैयक्तिक ठरवतील. हा बदल चुकीचा आहे आणि तो मागे घेतला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तू परदेशात असलास तरी तुझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. कायद्याचं तिसरं कलम हा हक्क सर्व नागरिकांना देतं, परदेशात राहणाऱ्यांनाही. केंद्राच्या खात्यांना तिथून ऑनलाइन अर्ज करता येतो. एक तरी कर, आणि काय उत्तर येतं ते मला कळव.

तुझी,
आत्या