कोल्हापूर आणि बंगळूरच्या मधे

सुरू व्हायच्या आधी ‘सिव्हिलायझेशन’ आपल्यालाच प्रश्न विचारतो. चित्रं व्हीजीएवर दाखवू की ईजीएवर? आवाज ॲडलिबचा की नुसता पीसी स्पीकरचा? माउस आहे का? सिड मायर यांचा हा खेळ १९९१चा. समोर कुठलं यंत्र असेल, याचा तेव्हा भरवसा नसायचा.

निपाणीत तंबाखूच्या वखारींमागच्या आमच्या गल्लीत तो फ्लॉपीवरून आला, सोबतच्या पुस्तिकेविना. डाव रंगात आला की खेळ मधेच त्या पुस्तिकेतलं काहीतरी विचारून राजाची परीक्षा घ्यायचा: ही विद्या आधीच्या कुठल्या विद्यांमधून निघते? म्हणून आम्ही वही घातली. राजेशाहीला अंत्यविधी आणि कायदा, साक्षरतेला लेखन आणि कायदा. शाळेच्या इतिहासाच्या वहीपेक्षा ती जास्त नीटनेटकी होती.

आताच्या ६४-बिट विंडोजला हा खेळ दिला, तर ते दारातूनच परत पाठवतं. डॉसचे १६-बिटी प्रोग्रॅम चालवायची सोय त्यात ठेवलेलीच नाही. मग डॉसबॉक्स आणायचा. २००२ पासून हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम नव्या संगणकाच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. काळ्या खिडकीत ‘माउंट सी’ लिहून खेळाचा फोल्डर दाखवला की खेळाला वाटतं, हीच सी ड्राइव्ह. साउंडकार्ड आहे का, असं त्याने विचारलं की डॉसबॉक्स ‘आहे’ म्हणतो आणि मिळालेले सूर नव्या स्पीकरकडे पोचवतो. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ-११ दाबून उतरवायचा.

आमच्याकडे कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे बसतात, त्यांचंच हे काम. शेतकरी मराठीत गाऱ्हाणं सांगतो, ते कन्नडमध्ये कागदावर उतरतं. आतून आलेली पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, त्याला पुन्हा मराठीत वाचून दाखवली जाते. कचेरी बदलत नाही, शेतकरीही बदलत नाही. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून निम्मा कारभार अशा मधल्या माणसांच्या जिवावर चाललाय.

खेळ सुरू होतो. इसवी सनापूर्वी ४०००, काळोखा नकाशा, मधे उजेडाचा एक तुकडा आणि त्यावर उभे वसाहतकरी. या नकाशावर राज्यांच्या सीमा नाहीत. रंगीत सीमारेषा या मालिकेत आल्या त्या २००१च्या तिसऱ्या भागात. इथे शहराभोवतीची एकवीस घरं, शहराचं धरून, एवढाच त्याचा पसारा. दोन शहरं जवळ वसली तर मधलं घर जे कसतं त्याच्या कोठारात धान्य जातं. दुसऱ्याने तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघायचं.

भारत घेऊन खेळलं की नवं गाव वसवताना खेळ स्वतःच नाव सुचवतो. दिल्ली, मुंबई, मद्रास, बंगळूर. पुढे लाहोर, कराची आणि चक्क कोल्हापूर. निपाणी या यादीत कुठून असणार? पण सुचवलेलं नाव खोडून आपलं लिहिता येतं. मी कोल्हापूर आणि बंगळूर यांच्या मधली, नदीकाठची जागा धरतो आणि निपाणी लिहितो. तिन्ही गावांची घरं एकमेकांत शिरतात. आमच्या सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा अजून चालूच आहे. इथे मात्र तिन्ही गावं एकाच राजाची, आणि तो राजा निपाणीचा.