वॉश वाळेपर्यंत

जलरंगांत काम करणाऱ्याला घड्याळ लागत नाही. आकाशाचा पहिला वॉश किती वेळात वाळतो यावरून महिना कोणता, किती वाजले आणि हातात किती सवड उरली, हे सगळं कळतं. एप्रिलात नाशिकच्या गोदाघाटावर बसलं तर निळा रंग कागदाच्या डाव्या कडेपासून उजवीकडे नेईपर्यंत डावी बाजू सुकलेली असते आणि मधे नको ती रेघ उमटते. जुलैत तोच वॉश अर्धा तास ओला राहतो. घाईने त्यावर झाड टेकवलं की झाडाचा ढग होतो. डिसेंबरात कागद सावकाश पण नेमाने वाळतो, तेव्हा काळजी फक्त गारठलेल्या बोटांची.

बाहेर बसून रंगवण्यातला सगळा आनंद आणि सगळा वैताग इथूनच सुरू होतो. किती वेळ मिळणार, हे आपण ठरवत नाही. घरातल्या टेबलावर चित्र पुरं झालं की आपण उठतो. घाटावर उठायची वेळ आली की चित्र पुरं झालं असं म्हणायचं असतं.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. ही गंगा चित्रकाराच्या सोयीची आहे, कारण रामकुंडापाशी ती दक्षिणेला वळते. जुनं नाशिक पश्चिमेला राहतं, पंचवटी पूर्वेला. त्यामुळे सकाळचं ऊन १७५६ साली बांधलेल्या सुंदरनारायणाच्या देवळावर समोरून पडतं, आणि पलीकडच्या काठावरचं १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ तेव्हा पाठच्या उजेडात नुसती गडद आकृती असतं. संध्याकाळी सगळं उलट. दोन्ही देवळं काळ्या दगडाची म्हणून ओळखली जातात, पण पॅलेटमधला काळा रंग इथे कामाला येत नाही. कोरडा दगड उन्हात जांभळट राखाडी दिसतो, सावलीत निळसर. पाण्याजवळच्या पायऱ्यांवरून उजेड परत येतो तिथे तो चक्क तांबूस होतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कमी-जास्त करत राहिलं तरच हा दगड सापडतो. तो सापडेपर्यंत सावली पायरीभर सरकलेली असते. म्हणून जाणते चित्रकार बसल्याबरोबर सावल्या मांडून टाकतात आणि मग ऊन कुठेही गेलं तरी त्या हलवत नाहीत. चित्र साडेआठचं ठरलं की ते साडेआठचंच राहायला हवं. समोर दहाचं ऊन खुणावत असताना साडेआठाशी इमान राखणं, ही या कामातली अवघड शिस्त आहे.

उन्हाळ्यात ही शिस्त फार जाच करते. पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकले की रंग थोडा उशिरा वाळतो. छत्री काळीच घ्यावी लागते. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो आणि सगळी मोजमापं चुकतात. कागदावर थेट ऊन पडू द्यायचं नाही, कारण त्या झगमगाटात चित्र घाटावर छान उजळ वाटतं आणि घरी नेल्यावर काळवंडलेलं निघतं. दुपारी वारा सुटला की ईझलला दगडांची पिशवी टांगायची. एवढं करूनही उन्हाळ्याचं एक देणं आहे. बारीकसारीक बघायला वेळच नसतो. बुधवारच्या बाजारात भाजीवाल्यांच्या ताडपत्र्या, टोपल्या, माणसं यांतलं एकेक काढू लागलं तर दहा वाजेपर्यंत एक टोपली होईल. मग डोळे बारीक करून फक्त उजेडाचे आणि सावलीचे पॅच बघायचे. गर्दी तेव्हा पहिल्यांदा गर्दीसारखी दिसते.

पावसाळ्यात मी शहर सोडून त्र्यंबकच्या रस्त्याला लागते. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी यांना समोर बसवून चित्र काढायचा बेत दर वर्षी होतो आणि दर वर्षी डोंगर तो उधळून लावतात. रेखाटन करताना दिसणारा ब्रह्मगिरी रंग कालवेपर्यंत ढगात गेलेला असतो. पुन्हा दिसतो तेव्हा त्याच्या अंगावर नवे धबधबे असतात. खाली खाचरांत आवणी चाललेली असते आणि समोर इतक्या प्रकारचं हिरवं असतं की डबीतला एकही तयार हिरवा पुरत नाही. रोपांचा पोपटी, बांधावरच्या गवताचा, करवंदीच्या जाळीचा, दूरच्या रानाचा निळसर. प्रत्येक हिरव्यात चिमूटभर तांबडं-तपकिरी घातल्याशिवाय तो खरा वाटत नाही. दमट हवेत जुना कागदही बिघडतो. त्याच्यावरची खळ गेली की ब्रश टेकताच रंग आत शोषला जातो, पसरत नाही, उचलता येत नाही. आणि सगळं जमून आलं की सर येते. ओल्या वॉशवर पडलेले थेंब पांढुरके डाग ठेवून जातात. ते पुसायला जावं तर जास्त बिघडतात. तसेच ठेवावेत तर पावसाने स्वतः काढलेला पाऊस चित्रात राहतो.

पावसाच्या अशा सह्या थोरामोठ्यांच्या चित्रांवरही आहेत, पाऊस नसला तर दुसऱ्या कशाच्या तरी. मोने यांनी १८७० साली त्रूव्हीलच्या समुद्रकिनाऱ्यावर रंगवलेल्या एका चित्राच्या रंगात वाळूचे कण अडकलेले आहेत. व्हॅन गॉगच्या १८८९ सालच्या ऑलिव्हच्या झाडांच्या चित्रात चिकटलेला नाकतोडा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाला २०१७ साली सापडला. तैलरंग घेऊन असं रानोमाळ हिंडणं सोपं झालं ते १८४१ नंतर. जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने त्या वर्षी पिळून वापरायच्या कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. सेझान तर १९०६च्या ऑक्टोबरात उघड्यावर रंगवताना वादळात सापडला, भिजून रस्त्यात कोसळला आणि काही दिवसांत गेला.

आपल्याकडे असा शेवट कुणी मागितला नाही, पण निष्ठा कमी नव्हती. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.मध्ये शिकून परतले आणि १९३१ साली जाईपर्यंत रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा यांच्या काठी पुन्हा पुन्हा बसले. एकच तळं, पण वेळ निराळी, म्हणून चित्र निराळं. नाशिकचा घाट जागेवर बसून रंगवण्याचा शिवाजी तुपे यांनी घालून दिलेला धडा इथल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी गिरवला. प्रफुल्ल आणि राजेश सावंत यांच्या जलरंगांनी नाशिकचं नाव परदेशापर्यंत नेलं. आजही रविवारी सकाळी गाडगे महाराज पुलाच्या आसपास मांडीवर बोर्ड घेतलेली कॉलेजची मुलं दिसतात. परंपरा म्हणावी अशी एवढीच गोष्ट मला ठाऊक आहे: आधीच्या माणसाने जिथे बसकण मारली, त्या पायरीवर पुढच्याने बसायचं.

पायरी मात्र कुणाच्या तरी वापराची असते, आणि स्टुडिओत कधी न समजणारी बाजू इथे समजते. थंडीचंच बघा. धुकं हा चित्रकाराचा सण. जवळचं गडद, दूरचं फिकं, कडा विरघळलेल्या; जे काम एरवी डोकं लढवून करायचं ते हवा आयतं करून देते. निफाडकडे पारा घसरल्याची बातमी आली की मी पहाटे दिंडोरी रस्त्याला निघते. द्राक्षबागांच्या ओळी धुक्यात एकामागे एक पुसट होत जातात आणि मी देवाजवळ आणखी अर्धा तास मागते. त्याच वेळी बागेचा मालक ट्रॅक्टरला फवारणीचं यंत्र जोडत असतो. धुकं आणि दव राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, कडाका वाढला की मण्यांना तडे जातात. बागेत धूर करून ऊब राखायची, ऊन लवकर पडावं म्हणून आभाळाकडे बघत राहायचं. ‘ताई, तुमचं चित्र होऊ द्या, पण हे उठू द्या एकदा,’ असं एक जण म्हणाला होता. एकाच धुक्यात उभे राहून आम्ही दोघं परस्परविरुद्ध मागणं मागत होतो, आणि त्याच्या मागण्यावर त्याचं वर्ष अवलंबून होतं.

पुराचंही तसंच. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की एरवी हिरवट असणारी गंगा दूध कमी पडलेल्या चहाच्या रंगाची होते. असं पाणी रंगवायला मिळणं म्हणजे पर्वणी: एकच मातकट रंग, पण त्यात भोवऱ्यांची गडद वळणं आणि फेसाचे पांढरे फटकारे. नाशिककर पूर मोजतात तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, अशी बातमी गावात फिरते. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये तो डोक्यापर्यंत बुडाला. पाणी चढायच्या आधी घाटावरचे फुलवाले, पूजासाहित्यवाले आपापली दुकानं पाठीवर घेऊन वर धावत असतात. फुलं विकणाऱ्या आजी मला म्हणतात, ‘आवर गं बाई, पाणी सोडलंय.’ त्यांच्या टोपलीला हात लावायचा की पाण्याचा रंग पकडायचा, हा प्रश्न तेव्हा कलेचा नसतोच. टोपलीच उचलायची असते. चित्राची जागा नंतर वर, पुलावर लांबून.

बघ्यांचा चित्रकारांना जाच होतो, हे खरं. याचे किती मिळतात, आमचं दुकान आलं का, फोटो काढून घरी का नाही करत, हे प्रश्न ठरलेले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी मनात बऱ्याचदा तयार केलं आहे. फोटो सगळं सारख्याच मनाने घेतो. टोपली, देऊळ, विजेची तार, सगळ्यांना तेवढाच हक्क. घरी बसून त्यातलं काय सोडायचं हे ठरवायला कारण उरत नाही, कारण वेळ संपत नाही. घाटावर वॉश वाळत असतो, सावली सरकत असते, आजी हाका मारत असतात. दीड तासात जे गाळायचं ते गाळावंच लागतं, आणि काय गाळलं यावरूनच बसलेल्या माणसाला काय महत्त्वाचं वाटलं ते कळतं. तो दीड तास तिथे काढल्यामुळे महत्त्वाचं काय, याचं मतही बदलतं. द्राक्षबागेच्या चित्रात मी पूर्वी फवारणीचा ट्रॅक्टर टाळत असे. आता धुकं त्या ट्रॅक्टरभोवती रचते.

घाटही बदलतो आहे. नदीपात्रातल्या जुन्या कुंडांवर काँक्रीट आलं, ते काढावं म्हणून न्यायालयापर्यंत वाद गेले, आणि आता पुढच्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत. जुन्या वह्यांतल्या काही पायऱ्या आता तिथे सापडत नाहीत. पण जुना घाट जपून ठेवायचा म्हणून मी गंगेवर बसत नाही. त्या कामाला फोटो आणि नकाशे अधिक चांगले. मी बसते कारण एरवी या गावाच्या हवेशी माझा संबंध पंख्याच्या बटणापुरता आणि रेनकोटापुरता उरतो. मांडीवर ओला कागद असला की ऊन, दव, वारा, धरणाचा विसर्ग यांच्या बातम्या मला लागू होतात, जशा त्या फुलवालीला आणि बागायतदाराला रोजच लागू असतात. माझं नुकसान फार तर एका कागदाचं, त्यांचं हंगामाचं. ही बरोबरी नव्हे. पण त्यांच्या बाजूने आभाळाकडे बघायला मला दुसऱ्या कुठल्या कामाने शिकवलेलं नाही. चित्रं निम्म्याहून जास्त फसतात. त्या भावात हे शिक्षण स्वस्तच आहे.